प्लाझ्मा फोकसचे सिम्युलेशन: ऊर्जेचा ताळा जुळत नाही आणि प्रवाहातील खळगा दिसत नाही

कपॅसिटरमध्ये साठवलेली ऊर्जा काही मायक्रोसेकंदांत प्लाझ्मामध्ये ओतणाऱ्या पल्स्ड पॉवर यंत्रांचे सर्किट सिम्युलेशन जे करतात, त्यांच्यापुढे एक अडचण पुन्हा पुन्हा येते. प्रोग्राम विनातक्रार चालतो, प्रवाहाचा आलेख वर चढतो, शिखर गाठतो, खाली उतरतो आणि पाहणाऱ्याला तो पटतोही. परंतु एकूण ऊर्जेची बेरीज केली, तर ती सुरुवातीला कपॅसिटरमध्ये भरलेल्या ऊर्जेपेक्षा जास्त भरते. त्याच वेळी, प्लाझ्मा दाबला जातो त्या क्षणी मोजलेल्या प्रवाहात जो खोल खळगा पडतो, तो गणितातील आलेखात एकतर दिसतच नाही किंवा अगदी उथळ दिसतो. या लेखात मी या दुखण्याचे मूळ कारण, त्याची दुरुस्ती आणि दुरुस्तीनंतरही ताळा जुळला नाही तर कोठे पाहावे, हे प्लाझ्मा फोकस, म्हणजे प्लाझ्मा बारीक स्तंभात दाबणाऱ्या यंत्राच्या एका ठरावीक नमुन्याचे आकडे घेऊन मांडत आहे.

खळगा दिसत नाही म्हणून सर्किटमध्ये एखादा कृत्रिम रोध घालावा आणि आलेख मोजमापाशी जुळेपर्यंत तो वाढवत जावा, हा मार्ग अनेक जण पत्करतात. त्यामुळे आलेख जुळतो, परंतु दोष मात्र जागच्या जागी राहतो. पुढे त्याच प्रोग्राममधून काढलेले प्लाझ्माचे तापमान, दाबलेल्या स्तंभाची त्रिज्या आणि ड्युटेरियम वापरल्यास न्यूट्रॉनांचा अंदाज, हे सगळे त्या चुकीच्या पायावर उभे राहते. म्हणून ऊर्जेचा ताळा हा शेवटी सवड मिळाल्यास करण्याचा सोपस्कार न मानता, पहिल्या दिवसापासून प्रत्येक टाइमस्टेपला, म्हणजे गणित वेळेत पुढे टाकते त्या प्रत्येक पावलाला, छापून घेण्याची गोष्ट मानावी, असे माझे ठाम मत आहे.

यंत्र आणि त्याचे आकडे

उदाहरणासाठी मी यूएनयू-आयसीटीपी (संयुक्त राष्ट्रसंघ विद्यापीठ आणि आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्र यांची इंग्रजी आद्याक्षरे) या नावाने ओळखले जाणारे लहान प्लाझ्मा फोकस यंत्र घेतो. ते १९८०च्या दशकात मलेशियात सिंग ली यांच्या पुढाकाराने प्रशिक्षणासाठी विकसित झाले आणि विकसनशील देशांतील अनेक प्रयोगशाळांत पोहोचले; भारतात दिल्ली विद्यापीठातही ते वापरले गेले. त्याची मापे सर्वश्रुत असल्यामुळे कोणालाही आपला प्रोग्राम त्यावर पारखून घेता येतो. कपॅसिटर ३० मायक्रोफॅरडचा, चार्जिंग व्होल्टेज १५ किलोव्होल्ट, सर्किटचे स्थिर इंडक्टन्स ११० नॅनोहेन्री आणि रोध १२ मिलिओहम. मधल्या अ‍ॅनोडची त्रिज्या ०.९५ सेंटिमीटर, भोवतीच्या कॅथोड सळयांच्या वर्तुळाची त्रिज्या ३.२ सेंटिमीटर आणि अ‍ॅनोडची लांबी १६ सेंटिमीटर. साठवलेली ऊर्जा ३३७५ ज्यूल होते, आणि हाच आकडा आपल्या ताळ्याचा पाया आहे.

स्विच बंद झाला, म्हणजे सर्किट पूर्ण जोडले गेले, की अ‍ॅनोडच्या बुडाशी, इन्सुलेटरवरून, प्लाझ्माचा एक पातळ पडदा तयार होतो. स्वतःच्याच प्रवाहाच्या चुंबकी दाबाने तो अ‍ॅनोडच्या टोकाकडे धावतो आणि टोकाशी पोहोचल्यावर अक्षाकडे आत कोसळतो. पडदा जसजसा पुढे सरकतो, तसतसे त्याच्या मागे चुंबकी क्षेत्राने भरलेले आकारमान वाढते आणि सर्किटचे इंडक्टन्सही वाढते. वरील त्रिज्या घेतल्यास ही वाढ दर सेंटिमीटरला २.४३ नॅनोहेन्री आणि पूर्ण लांबीला सुमारे ३९ नॅनोहेन्री भरते. सगळी मेख या वाढीतच आहे.

आधी पडदा थांबवून पाहावा

दोष शोधताना मी नेहमी पहिल्यांदा पडद्याचे समीकरण बंद करतो आणि पडदा बुडाशीच खिळलेला ठेवतो. मग उरते ते शाळकरी गणितातील कपॅसिटर, इंडक्टर आणि रोध यांचे सर्किट, ज्याचे उत्तर कागदावर काढता येते. या आकड्यांसाठी प्रवाहाचे शिखर २१४ किलोअँपिअर यायला हवे, तेही २.६९ मायक्रोसेकंदांना, आणि त्यानंतरचे उलट्या दिशेचे शिखर पहिल्याच्या ७३ टक्के, म्हणजे सुमारे १५७ किलोअँपिअर असायला हवे. रोध अजिबात नसता, तर शिखर २४८ किलोअँपिअरवर गेले असते. प्रोग्रामचे उत्तर यापासून अर्ध्या टक्क्यानेही ढळले, तर प्लाझ्माकडे वळू नये. दोष स्विच, एकके किंवा टाइमस्टेप यांतच आहे. मायक्रो आणि नॅनो यांची अदलाबदल या पायरीवर लगेच उघडी पडते.

या चाचणीत ताळाही पाहावा. कपॅसिटरमधील उरलेली ऊर्जा, इंडक्टरमधील ऊर्जा आणि रोधात जळालेली ऊर्जा यांची बेरीज प्रत्येक क्षणी ३३७५ ज्यूलच राहिली पाहिजे. पडदा स्थिर असताना ताळा जुळतो आणि पडदा हलू लागताच बिघडतो, असे दिसले, तर निदान जवळजवळ झालेच. ताळा किती बिघडला यापेक्षा तो केव्हा बिघडू लागला, हे मी अधिक बारकाईने पाहतो, कारण प्रत्येक दोषाची वेळ निराळी असते.

मूळ दोष: इंडक्टन्स बदलते, पण समीकरण बदलत नाही

स्थिर इंडक्टरवरील व्होल्टेज म्हणजे इंडक्टन्स गुणिले प्रवाहाचा बदलदर, हे सूत्र आपल्या हातात इतके मुरलेले असते की इंडक्टन्स स्वतः बदलत असतानाही आपण तेच लिहितो आणि फक्त इंडक्टन्सच्या जागी दर टाइमस्टेपला नवा आकडा भरतो. वास्तविक व्होल्टेज हा फ्लक्सचा बदलदर आहे, आणि फ्लक्स म्हणजे इंडक्टन्स आणि प्रवाह यांचा गुणाकार. गुणाकाराचा बदलदर काढला की दोन पदे मिळतात: एक इंडक्टन्स × प्रवाहाचा बदलदर आणि दुसरे प्रवाह × इंडक्टन्सचा बदलदर. गळते ते दुसरे पद.

हे पद किरकोळ असेल, असा समज होणे साहजिक आहे. म्हणून त्याचे माप घेऊ. अक्षीय टप्प्याच्या अखेरीस पडद्याचा वेग दर मायक्रोसेकंदाला सुमारे १० सेंटिमीटर असतो. दर सेंटिमीटरला २.४३ नॅनोहेन्री याप्रमाणे इंडक्टन्सचा बदलदर २४ मिलिओहम होतो. सगळा प्रवाह पडद्यातून वाहत नाही, सुमारे ७० टक्केच वाहतो, हे धरले तरी १७ मिलिओहम उरतात. संपूर्ण सर्किटचा रोध १२ मिलिओहम आहे. म्हणजे जे पद गळाले, ते आपण काळजीपूर्वक मोजून समीकरणात घातलेल्या रोधापेक्षा मोठे आहे.

पडदा आत कोसळू लागल्यावर तर हा आकडा कितीतरी वाढतो. समजा प्लाझ्माची त्रिज्या १.५ मिलिमीटर, स्तंभाची लांबी १.४ सेंटिमीटर आणि आत येण्याचा वेग दर मायक्रोसेकंदाला २० सेंटिमीटर आहे. तर इंडक्टन्सचा बदलदर सुमारे ०.३७ ओहम येतो, म्हणजे सर्किटच्या रोधाच्या तीसपट. दीडशे किलोअँपिअरच्या आसपासच्या प्रवाहाला हे पद क्षणभर असा विरोध करते की त्याचे व्होल्टेज मूळच्या १५ किलोव्होल्टलाही मागे टाकते, आणि प्रवाहाला खळगा पडतो तो यामुळेच. ज्या समीकरणात हे पद नाही, त्यात इंडक्टन्स कितीही झपाट्याने वाढले, तरी प्रवाहाला खाली खेचणारे काहीच नसते. खळगा दिसत नाही, ही तक्रार आणि ताळा जुळत नाही, ही तक्रार अशा रीतीने एकाच मुळाशी येतात.

ऊर्जेच्या बाजूनेही हे समजून घ्यावे, कारण येथे आणखी एक चूक दबा धरून असते. प्रवाह स्थिर असताना इंडक्टन्स वाढले, तर स्रोताला जी ऊर्जा पुरवावी लागते, तिचा बरोबर अर्धा भाग चुंबकी क्षेत्रात साठतो आणि अर्धा भाग पडद्याला ढकलण्याच्या कार्यात जातो. काही जण साठलेल्या ऊर्जेच्या सूत्रातील अर्धा पाहून दुसऱ्या पदाच्याही मागे अर्धा लावतात. मग खळगा दिसू लागतो, पण उथळ दिसतो, आणि ताळाही अर्धाच सुधारतो. स्रोताला दोन्ही भाग पुरवायचे असतात. म्हणून व्होल्टेजच्या समीकरणात ते पद पूर्णच हवे.

आकड्यांत सांगायचे, तर एकूण प्रवाह १५० किलोअँपिअर आणि पडद्यातील प्रवाह १०५ किलोअँपिअर स्थिर धरून अक्षीय टप्प्यात पडद्यावर झालेले कार्य सुमारे २१४ ज्यूल येते. दुसरे पद पूर्ण गळाले असेल, तर ताळा याच्या दुपटीने, म्हणजे सुमारे ४३० ज्यूलने फुगतो आणि ३३७५ ऐवजी ३८००च्या घरात जातो. अर्धेच लावले असेल, तर फुगवटा २१४ ज्यूलच्या आसपास राहतो. प्रत्यक्षात प्रवाह स्थिर नसतो, त्यामुळे हे आकडे जसेच्या तसे येणार नाहीत. परंतु फुगवटा पडद्याच्या अंतराबरोबर वाढत जातो, हे लक्षण ठळकपणे दिसते.

माझ्या पहिल्या प्रोग्राममध्ये नेमकी हीच चूक होती. ताळा दोन मायक्रोसेकंदांनंतर हळूहळू वर सरकताना दिसत असूनही मी जवळजवळ महिनाभर स्विचच्या रोधात दोष शोधत राहिलो. स्विचचा दोष असता, तर ताळा पहिल्या काही नॅनोसेकंदांतच बिघडला असता, हे मला फार उशिरा उमगले.

दुरुस्ती

स्वतः लिहिलेल्या प्रोग्राममध्ये सर्वांत निर्धोक मार्ग म्हणजे प्रवाहाला चल राशी न मानता फ्लक्सला चल राशी मानणे. एकूण फ्लक्सचा बदलदर म्हणजे कपॅसिटरवरील व्होल्टेज वजा रोधावरील व्होल्टेज, एवढेच समीकरण उरते. दर टाइमस्टेपला फ्लक्स पुढे न्यावा, पडद्याची जागा पुढे न्यावी, त्या जागेवरून इंडक्टन्स काढावे आणि फ्लक्सला इंडक्टन्सने भागून प्रवाह मिळवावा. या मांडणीत इंडक्टन्सचा बदलदर कोठे लिहावाच लागत नाही, त्यामुळे तो विसरण्याचीही सोय राहत नाही. प्रवाहाचे समीकरण दुरुस्त करण्यापेक्षा मी नेहमी हीच मांडणी सुचवतो.

स्पाइस घराण्यातील तयार सर्किट प्रोग्राम वापरत असल्यास थोडी युक्ती करावी लागते. इंडक्टरच्या मूल्याच्या जागी वेळेनुसार बदलणारे सूत्र लिहिता येत असेल, तर तो प्रोग्राम आतून कोणते समीकरण सोडवतो, याची खात्री करून घेतल्याशिवाय त्यावर विसंबू नये. खात्री करणे अवघड नाही: स्थिर प्रवाहाचा स्रोत जोडावा, इंडक्टन्स एकसारख्या दराने वाढवावे आणि टोकांवरील व्होल्टेज पाहावे. ते शून्य आले, तर दुसरे पद तेथे नाही.

पद नसेल, तर मुख्य सर्किटात पडद्याच्या जागी एक नियंत्रित व्होल्टेज स्रोत ठेवावा आणि बाजूला, ग्राउंडखेरीज मुख्य सर्किटाशी कोठेही न जोडलेले, एक लहान सहायक सर्किट करावे. त्यात एक नियंत्रित प्रवाह स्रोत आणि १ हेन्रीचा स्थिर इंडक्टर असतो. प्रवाह स्रोताचे मूल्य पडद्याच्या फ्लक्सइतके, म्हणजे बदलते इंडक्टन्स गुणिले पडद्यातील प्रवाह, असे द्यावे. मग त्या इंडक्टरवर आपोआप फ्लक्सचा बदलदर उमटतो, आणि मुख्य सर्किटातील स्रोताने त्याची नक्कल करायची. चिन्ह तपासून घ्यावे: पडदा पुढे जात असताना या स्रोताने कपॅसिटरला विरोध केला पाहिजे.

या युक्तीत एक बारीक खाच आहे. पडद्याचा फ्लक्स अक्षीय टप्प्याच्या अखेरीस फक्त ४ मिलिवेबर असतो, म्हणून सहायक सर्किटात जेमतेम ४ मिलिअँपिअर वाहतात. लक्षावधी अँपिअरच्या सर्किटांत गणित लवकर स्थिरावे म्हणून अनेक जण प्रवाहाची निरपेक्ष सहनमर्यादा, म्हणजे प्रोग्राम खपवून घेतो तेवढी चूक, मूळच्या १ पिकोअँपिअरवरून थेट १ मिलिअँपिअरवर नेतात. मुख्य सर्किटाला त्याने काही होत नाही, पण सहायक सर्किटातला चौथा हिस्सा त्या मर्यादेतच बुडतो आणि खळग्याचा आकार दातेरी होतो. त्यावर उपाय सोपा आहे. सहायक इंडक्टर १ मायक्रोहेन्रीचा घ्यावा आणि प्रवाह स्रोताचे मूल्य दहा लाखांनी गुणावे. व्होल्टेज तेवढेच राहते आणि प्रवाह ४ किलोअँपिअर होऊन सहनमर्यादेपासून दूर जातो. सापेक्ष सहनमर्यादा मात्र मूळच्या हजारात एक या मूल्यावर ठेवून दहा हजारांत एक इतका अचूक ताळा मागण्यात अर्थ नाही. ती आधी घट्ट करावी.

तरीही ताळा जुळत नसेल, तर

मूळ पद घातल्यानंतर ताळा बराच सुधारतो, परंतु बहुधा पूर्ण जुळत नाही, आणि आता चिन्ह उलटते: बेरीज ३३७५ पेक्षा कमी भरते. येथे समीकरणांत दोष नसून जमाखर्चाच्या वहीत काही रकाने राहून गेलेले असतात.

पहिला रकाना गळक्या प्रवाहाचा आहे. पडद्यातून ७० टक्के प्रवाह जातो, असे आपण धरले, तर उरलेले ३० टक्के त्याच व्होल्टेजमधून दुसऱ्या कोणत्या तरी वाटेने जातात आणि त्यांच्याबरोबर ऊर्जाही जाते. ही ऊर्जा प्रारूपात कोणत्याही भौतिक वस्तूला दिलेली नसते, पण स्रोताने ती पुरवलेली असते. वरच्या स्थिर प्रवाहाच्या उदाहरणात ती अक्षीय टप्प्यातच सुमारे १८४ ज्यूल होते. चुंबकी ऊर्जा मोजताना पडद्यातील प्रवाहाचा वर्ग घ्यायचा, एकूण प्रवाहाचा नाही, हेही याच ठिकाणी चुकते.

दुसरा रकाना प्लाझ्माच्या आतील ऊर्जेचा आहे आणि तो मला या सगळ्यांत सर्वांत बोलका वाटतो. अक्षीय टप्प्यासाठी वापरले जाणारे स्नोप्लाउ प्रारूप असे मानते की पडदा वाटेतील वायू गोळा करत पुढे जातो, जसे खळ्यातील धान्य फळीने लोटताना ढीग वाढत जातो. फळीवर सारखाच जोर लावून ढीग सारख्याच वेगाने पुढे नेला, तर प्रत्येक नवा दाणा स्थिर असताना फळीला येऊन चिकटतो. ही टक्कर अलवचीक असते, आणि तीत ऊर्जेचा अर्धा भाग गतिज न राहता उष्णतेत जातो. पडद्याचेही तसेच आहे. ड्युटेरियमचा दाब ३.५ टॉर (दाबाचे एकक) आणि वायूपैकी ८ टक्केच वस्तुमान पडद्याबरोबर जाते, असे धरल्यास १०५ किलोअँपिअरला पडद्यावर सुमारे १३४० न्यूटन बल येते, स्थिर वेग दर मायक्रोसेकंदाला ८.७ सेंटिमीटर होतो आणि १६ सेंटिमीटरवर गोळा झालेले वस्तुमान सुमारे २८ मायक्रोग्रॅम असते. त्याची गतिज ऊर्जा १०७ ज्यूल येते. कार्य झाले होते २१४ ज्यूल. उरलेले १०७ ज्यूल वायू तापवण्यात आणि आयनीभवनात गेले, आणि वहीत गतिज ऊर्जेचाच रकाना असेल, तर ते हरवल्यासारखे वाटतात. ताळ्यात गतिज ऊर्जेऐवजी पडद्यावर झालेले कार्यच नोंदवले, तर हा प्रश्न उद्भवत नाही. परंतु दोन्ही नोंदवून त्यांतील फरक पाहिल्यास प्लाझ्माच्या तापण्याचा अंदाजही मिळतो.

ताळा अगदी पहिल्या टाइमस्टेपलाच उडत असेल, तर कारण सुरुवातीच्या शून्यात शोधावे. पडदा बुडाशी असताना गोळा झालेले वस्तुमान शून्य असते आणि प्रवेगाच्या समीकरणात शून्य भागिले शून्य येते. तेथे अंदाजाने एखादे लहानसे वस्तुमान घालण्याऐवजी सुरुवातीचे विश्लेषणात्मक उत्तर वापरावे. पहिल्या काही नॅनोसेकंदांत प्रवाह वेळेच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे बल वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते आणि पडद्याचे अंतरही वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. आपल्या आकड्यांसाठी पडदा १० नॅनोसेकंदांत ३ मायक्रोमीटर आणि १०० नॅनोसेकंदांत ०.३ मिलिमीटर सरकतो. या उत्तरावरून १० नॅनोसेकंदांची अवस्था भरून तेथून पुढे गणित सुरू केले की उडी नाहीशी होते.

स्विच बंद होताच व्होल्टेज दर टाइमस्टेपला वर-खाली होत असेल, तर टाइमस्टेप निम्मा करून पाहावा. हेलकाव्याचा आवर्तकाळही निम्मा झाला, तर तो सर्किटाचा नसून समीकरण पावलापावलाने सोडवण्याच्या ट्रॅपेझॉइडल पद्धतीचा आहे; खरा हेलकावा टाइमस्टेपला जुमानत नाही. अशा वेळी गिअर या दुसऱ्या पद्धतीकडे वळणे सोपे असते, पण ती पद्धत स्वतःच ऊर्जा गिळते आणि ताळा हळूहळू खाली सरकू लागतो. त्यापेक्षा स्विचचा रोध एकदम न उतरवता काही नॅनोसेकंदांत सलगपणे उतरवावा. खऱ्या स्पार्क गॅपचा, म्हणजे ठिणगीने जोडणाऱ्या स्विचचा, रोधही असाच उतरतो.

अक्षीय टप्प्यातून आत कोसळण्याच्या टप्प्यात जाताना काही जण पडद्यातील प्रवाहाचे प्रमाण एकदम बदलतात, उदाहरणार्थ ७० वरून ८० टक्के. फ्लक्स सलग ठेवला, तर प्रवाहात सुमारे ३ टक्क्यांची पायरी पडते. प्रवाह सलग ठेवला, तर फ्लक्समध्ये पडते, आणि ताळ्यात ती दोन्ही प्रकारे दिसते. या यंत्रासाठी दोन्ही टप्प्यांत ७० टक्केच घेण्याची रीत असल्याने ही अडचण येत नाही, पण इतर यंत्रांसाठी बदल सावकाश करावा.

कोसळण्याच्या टप्प्यात साधे स्नोप्लाउ प्रारूप तसेच पुढे चालवणे मात्र चूक आहे. त्यात त्रिज्या शून्यावर जाते, इंडक्टन्स अनंत होते आणि कोणताही टाइमस्टेप पुरेसा लहान ठरत नाही. येथे आघात तरंग पुढे आणि चुंबकी दट्ट्या मागे, असे दोन वेगळे पृष्ठभाग धरणारे स्लग प्रारूप घ्यावे, ज्यात तरंग अक्षावरून परतून दट्ट्याला भेटतो आणि दाबलेल्या स्तंभाची त्रिज्या मर्यादित राहते. ड्युटेरियमसाठी ती अ‍ॅनोडच्या त्रिज्येच्या सुमारे सातव्या भागाइतकी येते. टाइमस्टेप असा निवडावा की एका पावलात त्रिज्या १ टक्क्याहून अधिक बदलणार नाही. दीड मिलिमीटर त्रिज्येला आणि वरच्या वेगाला हे पाऊल ०.०७५ नॅनोसेकंद येते, तर अक्षीय टप्प्यात १ नॅनोसेकंद पुरतो.

इतर यंत्रांत हाच दोष

इंडक्टन्स बदलणारा भार जेथे जेथे आहे, तेथे तेथे हा दोष डोके वर काढतो. अमेरिकेत न्यू मेक्सिकोमधील सँडिया प्रयोगशाळेच्या झेड यंत्रात ३६ मार्क्स बँका (कपॅसिटरांचे संच) मिळून सुमारे १०० नॅनोसेकंदांत २ कोटी अँपिअरहून अधिक प्रवाह भारात सोडतात. तेथे मधल्या ट्रान्समिशन लाइन तुकड्यातुकड्यांनी मांडतात, आणि प्रत्येक तुकड्याचा प्रवासकाळ टाइमस्टेपच्या पूर्ण पटीत ठेवावा लागतो. पण टोकाशी आत कोसळणारा दंडगोलच असतो. १ सेंटिमीटर लांबीचा दंडगोल १ सेंटिमीटर त्रिज्येवरून १ मिलिमीटरवर आला, तर इंडक्टन्स ४.६ नॅनोहेन्रीने वाढते आणि २ कोटी अँपिअर स्थिर धरल्यास त्यावर होणारे कार्य ९ लाख ज्यूलहून अधिक येते. हे पद गळाले, तर त्या सिम्युलेशनमध्ये काही अर्थच उरत नाही.

याउलट, ट्रॉम्बे येथील भाभा अणुसंशोधन केंद्रातील काली-५००० सारख्या इलेक्ट्रॉन पुंज यंत्रांत भार हा निर्वात डायोड असतो आणि वेळेनुसार बदलतो तो मुख्यतः त्याचा रोध. रोधाला असे दुसरे पद नसते. म्हणून तशा सिम्युलेशनमध्ये ताळा जुळत नसेल, तर येथे सांगितलेल्या कारणाच्या मागे न लागता लाइनचे प्रवासकाळ आणि स्विच आधी तपासावेत.

दुरुस्तीनंतर मोजमापाशी जुळवणी नव्याने करावी लागते, आणि ती क्रमाने करावी. प्रथम वायूचा दाब इतका वाढवून घेतलेले मोजमाप वापरावे की पडदा जवळजवळ हलत नाही, आणि त्यावरून स्थिर इंडक्टन्स व रोध ठरवावेत. मग नेहमीच्या दाबाचा आलेख घेऊन चढाचा कल आणि पडदा टोकाशी पोहोचण्याची वेळ जुळेपर्यंत वस्तुमानाचे आणि प्रवाहाचे प्रमाण बदलावे. रोगोव्स्की कॉइल, म्हणजे प्रवाह मोजणारे वेटोळे, एकूण प्रवाह दाखवते, पडद्यातील नव्हे, म्हणून तुलना एकूण प्रवाहाशीच करावी. त्यानंतर खळग्याकडे पाहावे. ११० नॅनोहेन्रीसारखे मोठे स्थिर इंडक्टन्स असलेल्या यंत्रांत मोजलेला खळगा इंडक्टन्सच्या बदलदराने दिलेल्या खळग्यापेक्षा अधिक खोल आणि लांब उतरतो, आणि तो उरलेला भाग दाबलेल्या स्तंभात क्षणभर उद्भवणाऱ्या असामान्य रोधाचा मानला जातो. त्या रोधाचे मूल्य आलेखावरून काढण्याचा अधिकार आपल्याला तेव्हाच मिळतो, जेव्हा आधीच्या खळग्यापर्यंत ताळा ३३७५ ज्यूलवर स्थिर राहिलेला असतो.